फिकट रेघ

४ मार्च

आत्या,

नमस्कार शेवटी करीन, आधी ओकून टाकू दे. फोन केला असता, पण फोनवर तुला माझा एक शब्द ऐकू येतो आणि तीन तू स्वतःचे घालतेस. म्हणून पत्र.

काल मला क्रेनवरून खाली उतरवलं. कामावरून बंद केलं. का, तर म्हणे मी नशा करते.

मी! जिला लग्नात कुणी थंड पेय दिलं तरी वास घेऊन बघायची सवय!

सांगते नीट. सोमवारी सकाळी गोदीच्या फाटकावरच आम्हा अकरा जणांना बाजूला काढलं. आमचा सुरक्षा अधिकारी आहे ना, ज्याला आम्ही सगळे शिट्टी म्हणतो, कारण गळ्यातली शिट्टी तो जेवतानाही काढत नाही, तो म्हणाला, 'अचानक तपासणी.' हातात प्लास्टिकचा कप दिला. बायकांच्या संडासात फ्लशच्या पाण्यात निळा रंग टाकलेला, नळाला कुलूप. म्हणजे मी कपात पाणी मिसळू नये! दार पूर्ण लावायचं नाही, बाहेर ऑफिसातली कारकून बाई उभी. तिला माझ्यापेक्षा जास्त लाज वाटत होती, बिचारी सारखी खोकत होती.

कप दिला. शिट्टीने त्यात पट्टी बुडवली, वर धरली, खिशातून एक कार्ड काढून त्याच्याशी लावून बघितली आणि सगळ्यांसमोर, आत्या, सगळ्या दहाच्या दहा माणसांसमोर म्हणाला, 'अफू. पॉझिटिव्ह.' मला आधी वाटलं दुसऱ्या कुणाला म्हणतोय. मी मागे वळून बघितलं.

नऊ वर्षं मी त्या केबिनमध्ये बसते. पायाखाली काच, काचेखाली चाळीस मीटर, त्याखाली माणसं. नऊ वर्षांत एक कंटेनर आपटला नाही. आणि हा माणूस कपातलं पाणी बघून मला सांगणार मी कोण आहे?

केबिनची किल्ली काढून घेतली. चौकशी होईपर्यंत घरी बसा म्हणाले. परवाना गेला तर दुसऱ्या कुठल्याही गोदीत मला उभं करणार नाहीत, हे तुला माहीत आहे.

तू तीस वर्षं लॅबमध्ये होतीस. मला एवढंच सांग, लघवी खोटं बोलते का?

तुझी (संतापाने वेडी झालेली)
भाची

ता. क. नमस्कार.


९ मार्च

तडतडे,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझा आवाज कानात वाजत होता, म्हणून चहा घेऊन परत बसले.

लघवी खोटं बोलत नाही. खरंही बोलत नाही. तिला काही म्हणायचंच नसतं गं, बोलतात ती माणसं. पट्टी एवढंच सांगते की अमक्या औषधासारखं काहीतरी तमक्या प्रमाणापेक्षा जास्त आहे की नाही. 'सारखं' हा शब्द लक्षात ठेव. ते औषधच आहे असं ती म्हणत नाही. कधी घेतलं, का घेतलं, तुझं डोकं ठिकाणावर होतं की नाही, यातलं तर काहीच म्हणत नाही. म्हणून पट्टीचा निकाल हा पहिला निकाल असतो. पहिला लागला की नमुना मोठ्या मशीनवर जातो. ते मशीन नेमका पदार्थ ओळखतं आणि किती आहे ते मोजतं. त्यावर एक डॉक्टर बसून विचार करतो, आणि मग कुणीतरी तोंड उघडायचं. तुझ्या शिट्टीने तोंड आधी उघडलं. फाटकावर. त्याला माझ्या हाताखाली एक महिना पाठव.

आता रडणं-ओरडणं बाजूला ठेव आणि मला सात गोष्टी सांग. काय वाटलं ते नको, डोळ्यांनी काय बघितलं ते लिही.

पट्टीवर किती रेघा होत्या? बुडवल्यापासून किती मिनिटांनी त्याने बघितली? पट्टीचं पाकीट तुझ्यासमोर फोडलं का, आणि त्यावरची तारीख कुणी बघितली का? कपातलं उरलेलं कुठे गेलं, फेकलं की बाटलीत भरलं? तू कशावर सही केलीस? ते कार्ड कसलं होतं? आणि आधीच्या चार-पाच दिवसांत काय खाल्लंस, काय गोळ्या घेतल्यास? खोकल्याचं औषध, दुखण्याची गोळी, अगदी खसखस घातलेला पाव खाल्ला असशील तरी लिही.

कुणाच्या अंगावर जाऊ नकोस. शिट्टीच्या तर मुळीच नको. तुझ्या बापाचं रक्त आहे तुझ्यात, त्याने एकदा तलाठ्याच्या टेबलावरची शाईची दौत फेकली होती. ती जमीन नंतर आपल्याला कधी मिळाली का?

आत्या


१४ मार्च

आत्या,

शिस्तीत उत्तरं देते, तू खूश होशील.

रेघा दोन होत्या. वरची गडद. खालची फिकट, पण होती. मी डोळे बारीक न करता बघितली. क्रेनवरून मी चाळीस मीटर खाली कंटेनरच्या कोपऱ्यावरचं भोक बघते, मला रेघ दिसत नाही असं कुणी म्हणू नये.

चार-पाच मिनिटं झाली असतील. पाकीट माझ्यासमोर फोडलं. तारीख मी नाही बघितली. उरलेलं त्याने दोन छोट्या बाटल्यांत भरून सील लावलं आणि त्यावर माझी सही घेतली, बाटल्या कंपनीच्या दवाखान्यातल्या फ्रिजमध्ये आहेत. सही आणखी एका कागदावर केली, तो न वाचता केली. ओरडू नकोस. नंतर प्रत मागून वाचला. त्यात लिहिलंय की कामगाराने तीस दिवसांत लेखी मागणी केली तरच बाटली बाहेरच्या लॅबला जाईल, नाहीतर पट्टीचा निकाल अंतिम. तीस दिवस म्हणजे २ एप्रिल.

आता कार्ड ऐक. ते कार्ड शिट्टीने स्वतः बनवलंय! कंपनीचं नाही, पट्टीच्या डब्यातलंही नाही. घरच्या प्रिंटरवर छापलंय, वर लॅमिनेशन. तीन चौकोन. पहिला गडद, खाली लिहिलंय 'स्वच्छ'. दुसरा फिकट, त्याखाली 'थोडं'. तिसरा कोरा, 'पूर्ण'. माझी रेघ दुसऱ्याला लागली म्हणून मी पॉझिटिव्ह. मी विचारलं, 'साहेब, हे कुणी ठरवलं?' तर छाती काढून म्हणतो, 'अनुभवाने. रेघ फिकी पडली म्हणजे काहीतरी असल्याशिवाय पडत नाही.'

आणि मी एकटी नाही. गेल्या वर्षी फोर्कलिफ्टवाल्या मामांना काढलं ना, तुला सांगितलं होतं, ज्यांनी मला पहिल्या दिवशी शिडी चढताना खाली बघू नको म्हणून सांगितलं होतं. त्यांचीही रेघ 'थोडं'च्या चौकोनाला लागली होती. मामांनी बाटलीची मागणीच केली नाही. ते म्हणाले, 'मशीनने सांगितलं म्हणजे असेल काहीतरी.' तेवीस वर्षं नोकरी केलेला माणूस, आणि स्वतःपेक्षा कागदाच्या पट्टीवर विश्वास जास्त! आता एका दुकानाच्या बाहेर गाड्या लावून देतात.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतोय. सांग, फिकट रेघ म्हणजे काय?

तडतडी


१८ मार्च

तडतडे,

फिकट रेघ म्हणजे रेघ.

हे वाक्य कापून त्या शिट्टीच्या कपाळावर चिकटव. पट्टी अशी असते: तिच्यावर एका जागी औषधाचा अंश लावून ठेवलेला असतो. रंग वर चढत जातो आणि त्या जागी चिकटतो, त्याची रेघ दिसते. लघवीत ते औषध ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर ते रंगाला वाटेतच धरून ठेवतं, रंग तिथे पोचत नाही आणि रेघ उमटत नाही. म्हणून रेघ नाही तर पॉझिटिव्ह, रेघ आहे तर निगेटिव्ह. ऐकायला उलटं वाटतं, नवी पोरं पहिल्या आठवड्यात हमखास उलटं वाचतात. तुझ्या शिट्टीने उलटं नाही वाचलं, त्याहून वाईट केलं. त्याने दोनाचे तीन केले. वरची गडद रेघ फक्त पट्टी चालू आहे हे सांगायला असते. खालची गडद असो, फिकट असो, अर्धवट असो, दिसली की निगेटिव्ह. हे प्रत्येक डब्यातल्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद तो वाचत नाही आणि कार्ड छापायला त्याला वेळ आहे! एका पट्टीच्या रेघेचा रंग दुसरीसारखा येतोच असं नाही, दमटपणाने बदलतो, डब्याडब्याला बदलतो. त्यावर माणसाची भाकरी ठरवायची?

मला एवढा राग आला की मी दुपारी झोपले नाही.

मर्यादा म्हणजे काय तेही समजून घे. निगेटिव्ह म्हणजे शून्य नव्हे. ठरलेल्या आकड्याच्या खाली, एवढाच त्याचा अर्थ. आकडा मुद्दाम असा ठेवतात की पावावरची खसखस, कुठलं तरी किरकोळ औषध, असल्या गोष्टींनी माणूस अडकू नये. आकड्याच्या खाली काय आहे ते कुणी बघायचं नाही, कुणी बोलायचं नाही. तिथे 'थोडं' नसतं.

आज उद्या करू नकोस. लेखी मागणी दे, शिक्का मारून प्रत घे, बाटली मोठ्या लॅबला पाठवायला लाव.

आणि एक. मी सात प्रश्न विचारले होते. तू सहांची उत्तरं दिलीस. मोजायला मी अजून विसरले नाही. सातवं?

आत्या


२४ मार्च

आत्या,

तू आत्या आहेस की पोलीस?

घे सातवं. माझी दाढ ठणकत होती. शनिवारी, १ तारखेला, दुपारपासून. दातवाला सोमवारशिवाय भेटणार नव्हता. नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं जानेवारीत, त्याच्या गोळ्या कपाटात उरलेल्या. मी दोन घेतल्या. एक दुपारी, एक संध्याकाळी. रविवारी काहीच घेतलं नाही, रविवारी सुट्टीच होती. पाकीट आता वाचलं. त्यात कोडीन आहे. कोडीन अफूच्याच जातीतलं ना? मला माहीत नव्हतं! माहीत असतं तर दाढ उपटून हातात घेऊन बसले असते.

आता बोल. तू मला लिहितेस बाटली पाठव, बाटली पाठव. आणि त्या मशीनने सांगितलं की हो, आहे, कोडीन आहे, तर? पट्टी तरी फिकट म्हणाली, मशीन तर नाव घेऊन सांगेल. शिट्टी सगळ्या गोदीत नाचेल. वर ती गोळी माझ्या नावावर नाही, नवऱ्याच्या नावावर. म्हणजे मी चोर पण ठरणार.

मागणीचा अर्ज लिहून ठेवलाय. दिलेला नाही. नवरा म्हणतो दे. मी म्हणते दिला आणि आकडा वर निघाला तर माझ्या हातानेच माझा परवाना गेला. नाही दिला तरी गेलाच. तीन दिवस अर्ज पर्समध्ये घेऊन फिरतेय, चार घड्या पडल्यात.

तुला आधीच सांगायला हवं होतं. पण तू लॅबवाली. मला वाटलं तू पण म्हणशील, बघ, काहीतरी होतंच.

मी नशा नाही केली गं, आत्या. माझी फक्त दाढ दुखत होती.

भाची


२७ मार्च
(जलद टपालाने)

पोरी,

अर्ज दे. हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी दे.

आणि अर्जाच्या खाली तुझ्या हाताने लिही: अमुक तारखेला दाढदुखीसाठी नवऱ्याच्या औषधातल्या दोन गोळ्या घेतल्या, गोळीचं नाव हे. पाकिटाची प्रत जोड. त्या सोमवारी जायचं राहिलं असेल, पण दातवाल्याकडे नंतर गेली असशील तर त्याचा कागद जोड. नवऱ्याची गोळी घ्यायला नको होती. ते चुकलं, तेवढं कबूल कर. त्यापलीकडे एक शब्दही कबूल करू नकोस.

तुला खोटा धीर देत नाही. रेघ दिसली म्हणजे मर्यादेच्या खाली असणार, दोन दिवसांपूर्वीच्या दोन गोळ्यांना तसंच असायला हवं. पण पट्टी मर्यादेच्या अगदी जवळ असली की थोडी इकडेतिकडे करते, हे मला माहीत आहे. मोठ्या मशीनचा आकडा काय येईल ते मी सांगू शकत नाही. पण आकड्याशी भांडता येतं, त्याला कारण दाखवता येतं. लॅमिनेशन केलेल्या कार्डाशी कसं भांडणार?

आता तू लिहिलंस ना, 'तू पण म्हणशील, काहीतरी होतंच.' हे मला लागलं. कारण मी एकदा म्हटलंय.

सव्वीस वर्षं झाली. पट्ट्या तेव्हा आमच्याकडे नव्या आल्या होत्या. आमच्याच हॉस्पिटलचा रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर, तरुण होता, हसरा. त्याची तपासणी माझ्याकडे आली. रेघ होती. फिकट. निकालाच्या रजिस्टरमध्ये दोनच रकाने होते. मी पेन आणि फुटपट्टी घेऊन तिसरा रकाना आखला, वर लिहिलं 'शेरा', आणि खाली लिहिलं 'संशयास्पद'. मला वाटलं मी काळजीपूर्वक काम करतेय. आपण केवढ्या बारीक नजरेच्या आहोत असंही वाटलं, खोटं कशाला बोलू. वरच्यांनी निगेटिव्ह वाचलंच नाही, शेरा वाचला. पंधरा दिवसांत तो गेला. सहा महिन्यांनी मला पट्टीचं प्रशिक्षण मिळालं, तिथे पहिल्याच तासाला सांगितलं, फिकट रेघ म्हणजे रेघ. मी घरी आले आणि कुणाला काही बोलले नाही. तुझ्या बापालाही नाही. त्या माणसाकडे तर गेलेच नाही.

शिट्टीचं कार्ड वाचून मला राग आला असं लिहिलं होतं. राग खराच होता, पण तो सगळा त्याच्या वाट्याचा नव्हता.

आता हे वाचून मला हवं ते बोल. पण आधी अर्ज दे.

आत्या


१९ एप्रिल

आत्या,

तुझं पत्र ३१ तारखेला आलं. मी ते फाटकापाशी उभं राहून वाचलं, अर्ज दिला, शिक्का घेतला, आणि मग बाहेर येऊन तुझ्यावर भयंकर चिडले. जवळजवळ तीन आठवडे तुला लिहिलंच नाही, ते मुद्दाम. मला सारखे त्या ड्रायव्हरच्या जागी मामा दिसत होते, आणि शिट्टीच्या जागी तू. तुला शिट्टी म्हणून कल्पनेत बघायचं म्हणजे काय त्रास झाला असेल बघ.

पण शिट्टीला सांगितलं तरी तो ऐकत नाही आणि तू न सांगता सव्वीस वर्षं तेच उगाळत बसलीस. एवढा फरक मी मोजलाय. त्याहून जास्त माफी माझ्याकडे नाही, ती देणारी मी कोण?

निकाल आला. मोठ्या लॅबचा. एक ओळ: निगेटिव्ह. आकडा दिलाच नाही! मी कंपनीच्या डॉक्टरबाईंना म्हटलं, मला आकडा हवा. त्या म्हणाल्या, 'मर्यादेखाली असेल तर लॅब आकडा कळवत नाही, कळवू नयेच.' तेव्हा तुझं वाक्य आठवलं: तिथे 'थोडं' नसतं.

आणि शिट्टी काय म्हणाला माहितीये? 'चला, सुटलात!' सुटले? मी कधी अडकले होते? सहा आठवडे घरी बसवलं, शेजारीण कपडे वाळत घालताना माझ्याकडे बघून आवाज खाली करते, आणि हा मला सुटका देतोय! माझं डोकं असं फिरलं की टेबलावर शाईची दौत नव्हती हे बरं झालं.

मग त्याने एक कागद सरकवला. 'तपासणी योग्य रीतीने झाली, माझी तक्रार नाही.' सही करा, किल्ली घ्या. मी पेन त्याच्याकडे परत सरकवलं. मग तो डॉक्टरबाईंना आपली शिस्त दाखवायला रजिस्टर घेऊन आला. प्रत्येक पट्टीचा फोटो चिकटवलाय, खाली कार्डावरची छटा लिहिलीय. एक, दोन, तीन. एवढं टापटीप रजिस्टर मी जन्मात बघितलं नाही. डॉक्टरबाईंनी पानं उलटली आणि विचारलं, 'ही छटा दोन काय भानगड आहे?' तो समजावून सांगायला लागला. त्या ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा पडत गेला.

माझी सोडून तीन वर्षांत छटा दोन सात जणांची आहे. सातही जणांना काढलंय. बाटल्या कुणाच्याच उरलेल्या नाहीत, महिन्याने फेकतात. पण फोटो आहेत, आत्या! मामांचा फोटो मी बघितला. त्यात रेघ आहे. माझ्यापेक्षा गडद आहे!

डॉक्टरबाई म्हणाल्या, 'मी कंपनीची माणूस, माझ्या एकटीच्या शब्दाने होणार नाही. बाहेरच्या कुणी लॅबवाल्याने फोटो बघून लिहून द्यायला हवं.' त्यांनी सातही फोटोंच्या प्रती दिल्या. सोबत पाठवतेय. बैठक ३० तारखेला. तोवर माझी किल्ली शिट्टीच्या ड्रॉवरमध्ये आहे.

मी मामांकडे गेले होते. म्हटलं, मामा, परत घेतील तुम्हाला. ते म्हणाले, 'आता गुडघे कुठे राहिलेत? मला नोकरी नको गं. तेवढा कागद मिळाला तर बघ.' मी विचारलं कशाला. तर म्हणाले, त्यांची मुलगी नातीला त्यांच्याजवळ एकटं सोडत नाही. तोंडाने काही म्हणत नाही, पण सोडत नाही. 'तिचं तरी काय चुकतं,' म्हणाले, 'लेकरू आहे.'

मी उठले. बाहेर येऊन रस्त्यात रडले.

तुला लिहून देता येईल का? त्या ड्रायव्हरनंतर असं लिहायला तुझ्या हाताला जमेल का, हे विचारतेय. मला ते माहीत नाही.

तडतडी


२४ एप्रिल

तडतडे,

सोबत सात कागद आहेत, प्रत्येक माणसाचा वेगळा. एकाच कागदावर सातांना बसवायचं नाही, कारण एकेकाला घरी नेऊन दाखवायचाय. प्रत्येकावर एवढंच लिहिलंय: चाचणीची रेघ दिसते. निकाल निगेटिव्ह. खाली माझं नाव, नोंदणीचा नंबर आणि सही. पट्टीच्या डब्यातल्या सूचनांची प्रतही जोडली आहे, तीन कंपन्यांच्या मिळवल्या. तिन्हींत तेच वाक्य आहे. तिसरा रकाना कुणी आखायला लागलं तर त्याचा हात धर.

आठवा कागदही लिहिला. तो टपालाने पाठवायचा नव्हता.

हॉस्पिटलच्या जुन्या हमालाकडून त्या ड्रायव्हरचा पत्ता मिळाला. दोन बस बदलून गेले. दार त्यानेच उघडलं. केस सगळे गेलेत, पण हसरा चेहरा ओळखू आला, म्हणजे मला बघेपर्यंत तो हसत होता. मी नाव सांगितलं. कागद दिला. त्याने उभ्या उभ्याच वाचला, चष्मा न लावता, हात लांब करून. मग मला विचारलं, 'हे तुम्हाला कधी कळलं?'

मी म्हटलं, 'तुम्ही गेल्यावर सहा महिन्यांनी.'

त्याने कागदाची घडी घातली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाला, 'म्हणजे साडेपंचवीस वर्षं.' आणि दार लावून घेतलं.

कागद त्याने ठेवून घेतला. मी जिन्यात थोडा वेळ बसले आणि परत आले.

माफ कर असं मी त्याला म्हटलंच नाही. त्याने दार लावल्यावर आठवलं. बसमध्ये स्वतःचा एवढा राग आला की शेजारच्या बाईने विचारलं, काही दुखतंय का.

त्या 'तक्रार नाही'च्या कागदावर सही करू नकोस. तुझं बरोबर आहे. ३० तारखेला तोंड उघडण्याआधी दहा आकडे मोज, आणि मग उघड.

आत्या


८ मे

आत्या,

किल्ली मिळाली. सही न करता! आज पहिल्या पाळीला वर चढले, केबिनमध्ये माझा जुना मग जसाच्या तसा होता, फक्त कुणीतरी त्यात पेन्सिली ठेवल्या होत्या. सगळ्या खिडकीबाहेर फेकाव्याशा वाटल्या, पण खाली माणसं असतात.

बैठकीत डॉक्टरबाईंनी तुझा पहिला कागद मोठ्याने वाचला. मग दुसरा. सातवा होईपर्यंत शिट्टीने कार्ड खिशात घातलं होतं. त्यांनी ते मागून घेतलं आणि कात्रीने कापलं, लॅमिनेशन होतं म्हणून हाताने फाटेना. यापुढे पट्टीचा निकाल फाटकावर सांगायचा नाही, बाटली मागितली नाही तरी लॅबला जाणार, असं लिहून घेतलंय. सातांपैकी तिघांचे पत्ते सापडले, चौघांचे नाहीत. शिट्टी अजून शिट्टीच आहे. त्याला कुणी काढलं नाही. तो म्हणतो, 'मी नियमापेक्षा कडक होतो, एवढंच.' हे ऐकून मी दहा आकडे मोजले. मग आणखी दहा.

तू परत जा त्या ड्रायव्हरकडे. दार लावलं तर लावू देत. जे म्हणायचं राहिलं ते दाराला म्हण, आतून ऐकू येतं.

मामांचा कागद मी स्वतः नेऊन दिला. मुलीच्या हातात. तिने वाचला, आत गेली, आणि नातीला बाहेर घेऊन आली. दुसऱ्या दिवसापासून शिकवणीतून तिला आणायला मामा जातात. मी परवा त्यांना रस्त्यात बघितलं, एका हातात तिचं दप्तर, दुसऱ्या हाताचं बोट तिच्या मुठीत. मी हाक मारली तर त्यांनी दप्तर खाली ठेवलं आणि आधी शर्टाच्या खिशावर हात ठेवला. मी विचारलं, मामा, खिशात काय? तर तुझा कागद. घडी घालून. रोज बरोबर नेतात. म्हणाले, 'कुणी विचारलं तर असू दे जवळ.'

चूक शिट्टीची, आणि कागद खिशात घेऊन फिरायचं मामांनी!

तडतडी